वायरीची खाकी बाही

आमच्या घरात करंट आला तो काळ्या कोटांमुळे.

अप्पा शिंपी होते. कुंभकोणमच्या कोर्टात उभे राहणाऱ्या बऱ्याच वकिलांचे कोट आणि गाऊन आमच्या पुढच्या खोलीत शिवले जायचे. काळ्या कापडावर काळा दोरा भर दुपारीसुद्धा धड दिसत नाही. कंदिलाच्या उजेडात तर अप्पा डोळ्यांनी बघून नव्हे, बोटांनी चाचपून टाका घालायचे. तसं करता करता त्यांनी एकदा एका वकिलांच्या नव्या कोटाचा खिसा तोंडाशीच शिवून बंद करून टाकला. वकील भर कोर्टात चष्मा खिशात ठेवायला गेले आणि चष्मा खाली पडून फुटला. ते संध्याकाळी आमच्याकडे आले आणि तमिळमध्ये बरंच बोलले. ते गेल्यावर अप्पा म्हणाले, की सरकार बाजारात विजेचे दिवे लावतं, तर आपण मशीनपाशी एक लावायला काय हरकत आहे.

आमच्या गल्लीत करंट घेणारे आम्ही पहिले. त्याचा अप्पांना इतका अभिमान, की माप द्यायला आलेल्या माणसाला ते आधी दिवा दाखवायचे आणि मग टेप काढायचे. टळटळीत दुपारी दिवा लावून, "बघा, धूर नाही," असं सांगायचे. गिऱ्हाईक मान डोलवायचं. ऊन दारातून मशीनपर्यंत आलेलं असायचं, त्यामुळे दिवा लागला आहे की नाही हे त्या बिचाऱ्याला कळतसुद्धा नसे.

त्या वेळी मी चौदा-पंधराची असेन. शाळा सुटली होती, लग्न ठरत होतं, आणि दरम्यान मला काज-बटणांच्या कामाला बसवलं होतं. घरात माणसं मोजकी. अप्पा, आई, मी आणि आत्या. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. लग्न झालं त्याच साली तिचा नवरा वारला आणि ती माहेरी परत आली, ती अप्पांच्या लग्नाच्याही आधीपासून या घरात होती. तिचं स्वतःचं म्हणावं असं घरात फार काही नव्हतं. एक पत्र्याची पेटी, एक तांब्या आणि एक मांजर.

मांजर आडुतुरैहून आलेल्या तांदळाच्या गाडीतून आलं होतं. पोती उतरवताना दोन पोत्यांच्या फटीत ते पांढरं पिल्लू सापडलं, आणि गाडीवाला परत न्यायला तयार होईना. आत्याने ते ओच्यात घेतलं आणि तिथून ते मांजर तिचं झालं. ती मला 'पोरी' म्हणायची आणि मांजरीलाही 'पोरी'च म्हणायची. स्वयंपाकघरातून हाक आली की आम्ही दोघी उठायचो, आणि बहुतेक वेळा बोलावणं मांजरीला असायचं.

आमच्या घरातली मराठी तंजावरच्या राजांबरोबर खाली आली आणि तिथेच मांडी घालून बसली. एकदा पुण्याहून यात्रेला आलेले एक गृहस्थ आमच्या विठ्ठलाच्या भजनाला बसले होते. आत्याशी बोलून झाल्यावर ते म्हणाले, बाई बोलतात ते ऐकताना जुनी बखर उघडल्यासारखं वाटतं. आत्याला बखर म्हणजे काय ठाऊक नव्हतं, पण काहीतरी चांगलं असणार असं धरून ती दोन दिवस खुशीत होती. मी पुढे लग्न होऊन त्याच पुण्याला आले, म्हणून आता असं लिहिते. तिच्यासमोर असं बोलले असते तर तिने मला परकी म्हटलं असतं.

आता दिव्याचं सांगते, कारण सगळं त्याच्यावर आहे. तिन्हीसांजेला देवापुढची समई लावायची ती घरच्या सवाष्णीने, म्हणजे आईने. आत्या कापूस निवडायची, वाती वळायची, समई चिंचेने घासून लखलखीत करायची, तेलाची बुधली आणून जवळ ठेवायची, आणि मग आपण होऊन मागच्या अंगणात निघून जायची. तिला कोणी जा म्हणत नसे. हा नियम घरात सगळ्यांत कडक कोण पाळत असेल तर ती स्वतःच. समई लागल्यावर ती आत यायची, लांबून नमस्कार करायची आणि भाताकडे वळायची. हे मी जन्मापासून बघत होते, त्यामुळे त्यात काही बघण्यासारखं आहे असं मला वाटत नव्हतं.

विजेचा दिवा आला त्या पहिल्या संध्याकाळी प्रश्न उभा राहिला, की खटका कोणी दाबायचा. आई त्या खटक्याला घाबरत होती. करंट माणसाला धरतो आणि सोडत नाही, असं तिला शेजारणीने सांगितलं होतं, आणि मला तर भिंतीच्या जवळ जायचीही बंदी होती. अप्पा मशीनवरून उठायला तयार नव्हते. ते म्हणाले, "हा कांही देवाचा दिवा नव्हे. यंत्र आहे. कोणीं लावलं तरी अस्कं सारखंच."

"कोणींही?" आत्याने दारातून विचारलं.

"कोणींही," अप्पा कापडातून मान वर न करता म्हणाले.

आत्या आली आणि तिने खटका दाबला. दिवा लागला. तिने हात जोडले. अप्पांना वाटलं, बरं झालं, अक्काची मदत होते. दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीच्या आधी आत्या हातपाय धुऊन, नीट चापूनचोपून लुगडं नेसून पुढच्या खोलीत यायला लागली. आईची समई आणि आत्याचा विजेचा दिवा एकाच वेळी लागायचे. त्या वेळी अप्पा विहिरीवर हातपाय धूत असायचे आणि मी आईजवळ समईपाशी. आत्या आता मागच्या अंगणात जात नव्हती.

तो दिवा मशीनशेजारच्या स्टुलावर असायचा. त्याची वायर आजच्यासारखी गुळगुळीत नव्हती. दोन पदर एकमेकांत पिळलेले आणि वरून सुताची वीण. भिंतीवरून ती खाली यायची, जमिनीवरून सरपटत स्टुलाशी जायची आणि वर चढून दिव्याच्या बैठकीत शिरायची. थोड्याच दिवसांत बैठकीजवळच्या त्या सुताला आमची मांजर लागली. आधी नुसती चाटायची. मग दात लावायला लागली. एका सकाळी अप्पांनी बघितलं तर वीण कुरतडून आतलं रबर दिसत होतं.

वायरमनला बोलावलं. त्याने काळी पट्टी गुंडाळली आणि तमिळमध्ये सांगितलं, की तांबं उघडं पडलं आणि कोणी हात लावला तर तो माणूस तिथेच चिकटेल. घर पेटेल ते वेगळं. पुन्हा असं झालं तर मी कंपनीला कळवून जोड तोडायला लावीन. आम्ही सगळ्यांनी मांजरीकडे बघितलं. मांजर पाय चाटत होती.

अप्पांनी त्याच दिवशी निकाल दिला. पुन्हा वायर कुरतडली तर मांजर सुंदरपेरुमाळ कोयिलला जाईल. तिथे अप्पांचा मामेभाऊ शेती करायचा. त्याच्या कोठारात उंदीर इतके, की पाचसहा मांजरी पोसल्या जातील. दर बाजाराला तो गाडीने कुंभकोणमला यायचा आणि आमच्याकडे कॉफी घेऊन परत जायचा.

"तेथें तीस दूध कोण देईल?" आत्याने विचारलं.

"उंदीर खाईल," अप्पा म्हणाले.

आत्याने मांजरीला उचललं आणि आत नेलं. रात्री जेवताना तिने ताटातला भात नुसता चिवडला, आणि ते अप्पांनी बघितलं. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मांजरीला घालवण्याऐवजी सुधारण्याचे प्रयत्न सुरू झाले. अप्पा रागीट होते, पण बहिणीच्या बाबतीत त्यांचा राग दुपारच्या जेवणापर्यंत टिकायचा.

पहिला उपाय कडुलिंबाचं तेल. अप्पांनी बोळ्याने ते वायरीला चोपडलं. पुढची खोली अशी उग्र वासाने भरली, की आम्ही तिण्णैवर, म्हणजे बाहेरच्या ओट्यावर बसून काम केलं. वास मांजरीला लागला नाही, पण दोन गाऊनांना लागला. ते गाऊन घालून वकील कोर्टात उभे राहिले तेव्हा न्यायाधीशांनी खिडक्या उघडायला सांगितल्या म्हणे. मांजर मात्र तिसऱ्या दिवशी पुन्हा वायरीशी हजर. अप्पा चकित. ते म्हणाले, हिला नाकच नसेल.

मग मिरची. अप्पांनी सुक्या मिरच्या वाटून घेतल्या आणि ते वाटण आपल्या हातांनी वायरीला फासलं. हात धुतले, दोनदा धुतले, आणि कामाला बसले. आता शिंप्याची एक सवय असते. सुईत दोरा ओवताना तो दोऱ्याचं टोक आधी ओठांत धरून ओलं करतो, चिमटीत पिळतो आणि मग ओवतो. अप्पांनी आयुष्यात हे इतक्या वेळा केलेलं, की हात आपोआप तोंडाकडे जायचा. तो गेला. मग तोंड पुसायला हात डोळ्याकडे गेला. अप्पा विहिरीकडे धावले तेव्हा त्यांच्या खांद्यावर अर्धवट शिवलेली एक बाही लोंबत होती. मांजर विहिरीच्या कठड्यावर बसून सगळं बघत होती. मी हसले म्हणून मला त्या दिवशी सगळ्या कोटांची काजं एकटीने करावी लागली.

दुसऱ्या सकाळी बघितलं तर वायरीवरची मिरची गेली होती. अप्पांनी मांजरीचं तोंड उघडून बघितलं. जीभ गुलाबी आणि थंडगार. अप्पांना मनातून तिचं कौतुक वाटायला लागलं असावं, कारण शेजाऱ्यांना सांगताना त्यांचा सूर तक्रारीचा राहिला नव्हता. "आमच्या पूनैस मिरची लागत नाही," असं ते म्हणायचे, मांजरीचं तमिळ नाव घेऊन. पण काळी पट्टी पुन्हा फाटली होती. वायरमन आला असता तर जोड गेला असता, म्हणून अप्पांनी ती आपल्या हाताने गुंडाळली आणि मग त्यांना सुचायला हवं होतं ते सुचलं.

ते शिंपी होते. त्यांनी वायरीला बाही शिवली.

पोलिसांच्या गणवेशाचं जाड खाकी ड्रिल उरलं होतं. त्यातून अप्पांनी वायरीच्या मापाची लांब, अरुंद बाही कापली. वायर दोन्ही बाजूंनी अडकलेली, म्हणून बाही सरकवून घालता येणार नव्हती, ती उघडीच हवी होती. दुसऱ्या कोणी ती जागच्या जागी शिवून टाकली असती. पण अप्पांच्या हातून बटणांशिवाय अंगावरचं वस्त्र होणं शक्य नव्हतं. त्यांनी म्हटलं, वायरमनला तपासायची तर त्याने काय शिवण उसवायची? त्यांनी शिंपल्याची बटणं काढली, मी काजं केली, आणि आमच्या दिव्याची वायर एखाद्या हवालदाराच्या हातासारखी खाकीत बसली. मोजून मापून इतकं फिट बसलं होतं, की अप्पा लांब उभं राहून, मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिले. गिऱ्हाइकाला कोट घालून बघताना ते असेच उभे राहायचे.

दुसऱ्या सकाळी दिव्याजवळचं शेवटचं बटण उघडं होतं आणि तेवढ्याच फटीत वायर ओली होती, कुरतडलेली होती.

अप्पांनी बटण लावलं. पुढच्या सकाळी पुन्हा उघडं. बाकीची सगळी बंद, तेवढं एक उघडं. अप्पांनी काज आवळून घेतलं. तरी उघडं. तेव्हा अप्पा मशीनवर हात ठेवून मला म्हणाले, "ही बटण काढत्ये."

"मांजर?"

"मग कोण, मी?"

दोन दिवसांत ही बातमी सगळीकडे झाली. बटण काढणारी मांजर बघायला माणसं तिण्णैवर येऊन बसायला लागली. विड्याच्या पानांची टोपली घेऊन जाणारी बाई टोपली उतरवून बसली. तिरुनागेश्वरम्‌हून देवळातलं काम आटपून परतणारे दोघं वाट वाकडी करून आले. मांजर त्यांच्यासमोर झोपली, उठली, जांभई दिली आणि पुन्हा झोपली. अप्पा सांगायचे, लोकांसमोर करत नाही, लाजते. त्या आठवड्यात कोट शिवायला आलेल्या एका वकिलांनी तर विचारलं, की काजं नीट आहेत ना, मांजर काढू शकते तर वाऱ्याने उघडतील. हे अप्पांना लागलं. आपल्या काजांबद्दल कोणी शंका घेतलेली त्यांना खपत नसे, आणि ती काजं माझी होती.

वकील गेल्यावर अप्पांनी वायर उचलून उजेडात धरली. पट्टीखालचं रबर खालपर्यंत गेलं होतं आणि आत काहीतरी लालसर चमकत होतं. ते मला म्हणाले, "पोदुम. उद्यां बाजार आहे. भाऊ येईल. घेवोन जाईल."

पोदुम म्हणजे पुरे. अप्पा तमिळमध्ये पुरे म्हणाले, म्हणजे खरंच पुरे. त्यांनी माडीवरून झाकणाची वेताची टोपली काढली, झाकण बांधायला सुतळी शोधली आणि टोपली दाराशी ठेवली. आत्या मागच्या दाराच्या चौकटीत उभी होती. तिने टोपलीकडे बघितलं आणि मांजरीला दूध घालायला आत गेली. वेळ दुधाची नव्हती. मला आत बघवेना. मला मांजरीचं तितकं नव्हतं, खरं सांगते. पण आत्याची हाक आली की आम्ही दोघी उठायचो, त्यातली एक उद्यापासून असणार नव्हती, आणि आत्याकडे दुसरं काय होतं?

अप्पा काही कामासाठी बाहेर जायला निघाले. जाताना मला म्हणाले, शेवटची संध्याकाळ आहे, ती बटण कसं काढते ते एकदा नीट बघून ठेव. त्यांना वकिलांना उत्तर द्यायचं होतं. म्हणून मी कोटांच्या ढिगाआड बसले आणि वायरीकडे डोळ्यांत तेल घालून बघत राहिले.

आत्या आली. हातपाय धुतलेले, लुगडं चापूनचोपून. तिच्या हातात एक लहानशी वाटी होती. तिने खटका दाबला, दिवा लागला. मग ती स्टुलाशी बसली, शेवटचं बटण काढलं, वाटीत बोट बुडवलं आणि वायरीला तुपाचा एक थेंब लावला. मग दुसरा. मांजर तिच्या मांडीशी येऊन शहाण्यासारखी बसली होती.

मी उठून उभी राहिले. आत्या दचकली नाही. तिला वाटलं, मला बघायचं आहे.

"हें काय गे आत्या?"

"दिव्यास तूप नोको कां?" ती म्हणाली. "सुम्मा, नुसताच जळतो बिचारा. ही वात एवढी लांब, भिंतींतून आली. कोणीं तीस कांही दिलं नाही." तिने वायरीवरून बोट फिरवलं. "तुझा बाप हीस कडू लावतो, तिखट लावतो. दिव्यास तिखट कोण देतो? मी पुसोन काढत्यें रोज."

कडुलिंब का चालला नाही, मिरची कुठे गेली आणि बटण कोण काढतं, हे सगळं मला एकदम कळलं. मी हसणारच होते. पण माझं लक्ष त्या वाटीकडे गेलं.

"तूप कोठलं?"

"माझं," आत्या म्हणाली. "भातावर वाढतात तें. समईचं तेल तुझ्या आईचं, त्यास मी हात लावत नाही. हें माझ्या वाटणीचं." मग थोडं थांबून म्हणाली, "हा दिवा मज लावावयास दिला आहे. तुझा बाप म्हणाला, कोणींही लावावा. मग रिता कसा लावूं?"

मला सांगावंच लागलं. मांजर सुताला नाही, तुपाला लागली आहे, म्हणूनच ती वायर चावते आणि म्हणूनच उद्या ती टोपलीत जाणार, असं मी सांगितलं. आत्या मांजरीकडे बघत राहिली. मांजर तिचं बोट चाटत होती. आत्याने बटण लावलं, वाटी पदराने पुसली आणि उठली.

"मग पोर राहूं दे," ती म्हणाली. "खटका उद्यांपासून तूं दाब."

"तूप न लावतां तूंच दाब की."

"नोको," आत्या म्हणाली. ती मागच्या अंगणात जाऊन बसली. आई समई लावायला आली, तेव्हा आत्या पुन्हा तिथेच होती, जिथे मी तिला जन्मापासून बघत आले होते. या वेळी मला ते दिसलं, आणि मला रडू आलं. मी आईला सगळं सांगितलं. आईने काडी हातात तशीच धरून ऐकलं आणि मग समई लावली.

जेवताना तिने अप्पांना सांगितलं. आत्याने जेवण नको म्हटलं होतं. अप्पा आधी हसले. इतके हसले की त्यांना ठसका लागला. गल्लीभर सांगत फिरलेली ती बटण काढणारी मांजर, तिरुनागेश्वरम्‌हून आलेली माणसं, त्यांची स्वतःची कीर्ती, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असावं. आई वाढत होती. ती म्हणाली, "वन्सें बोट कोठें लावत होत्या, तें कळलं कां?"

अप्पांचं हसणं थांबलं. आई एवढंच म्हणाली. पण वायरमनचं बोलणं आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि ऐकताना आम्ही सगळे मांजरीकडे बघत होतो. रोज संध्याकाळी, दिवा लागल्यावर, धुतलेल्या ओल्या पायांनी, आत्याचं बोट बरोबर त्या फाटलेल्या जागी. अप्पांनी हात धुतला, उठले, भिंतीवरचा जोड सोडवला आणि वायर गुंडाळून कोपऱ्यात टाकली. ताटात निम्मा भात तसाच होता.

दुसऱ्या दिवशी नवी वायर आली. मामेभाऊही आला. कॉफी घेताना त्याने दाराजवळची टोपली बघितली आणि विचारलं, मांजर कुठे आहे? अप्पांनी त्याला सांगितलं, की मांजरीच्या पोटात बिघाड आहे, प्रवास झेपणार नाही. मग टोपली रिकामी कशी पाठवायची, म्हणून तिच्यात केळी भरून दिली. मामेभाऊ शेतकरी. त्याच्या दारात केळीची बाग होती. तो टोपली गाडीत ठेवून गेला.

नव्या वायरीला तूप नव्हतं. मांजर एकदा हुंगून गेली. तिचं काम झालं होतं. पण दिवेलागण झाली आणि आत्या मागच्या अंगणातून हलली नाही. मी खटक्यापाशी उभी होते आणि मला तो दाबवेना. अप्पा मशीनवर बसून होते, पुढ्यात काळा कोट, आणि काहीच शिवत नव्हते.

आई स्वयंपाकघरातून आली ती हातांना पीठ लावूनच. ती मागच्या दारात जाऊन उभी राहिली.

"वन्सें, माझे हात पिठाचे आहेत," ती म्हणाली. "समई तुम्हीं लावा."

आत्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "हात धुवोन घे. मी पाणी घालत्यें."

"पिठाचे आहेत," आई पुन्हा म्हणाली. "उद्यांही असतील."

आत्या उठली, पण उंबऱ्याच्या आत येईना. ती अप्पांकडे बघत होती. भजनी मंडळी काय म्हणतील, हे त्यांच्या मनात नक्की आलं असणार, कारण ते सगळ्यांच्याच मनात आलं असतं. मग त्यांनी कोट उचलला, सुई उचलली आणि कोटाकडे बघत म्हणाले, "अक्का, काळं कापड आहे. वेळ नोको करूं."

आत्या देवापुढे बसली. जन्मभर तिने चुली पेटवल्या होत्या, कंदील पेटवले होते, पण पहिली काडी तिच्या हातात मोडली. दुसरी पेटली. तिने ती वातीला लावली आणि वाट बघत राहिली. वात धुमसली, काळी पडली, धूर निघाला, ज्योत काही धरेना. काडी बोटापर्यंत आली तरी तिने सोडली नाही. शेवटी वात कशीबशी लागली. आत्या तिच्याकडे जवळून, अगदी जवळून बघत होती.

"फार जाड वळत्यें मी," ती म्हणाली. "कोणीं सांगितलं नाही."

आई रोज समईशी बसली की वात हातात घेऊन तिचा निम्मा कापूस हळूच उलगडून काढायची आणि मग लावायची. ते मी कितीदा बघितलं होतं. आता ती पिठाचे हात पाठीमागे घेऊन उभी होती.